तीन बोटं कमी पडलेला कठडा

मॉन्ट्रियल,
२८ मार्च

प्रिय रोझेर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र भट्टीत टाकायच्या आत कोलोंब वहिनीने ते तुझ्या हातातून काढून घेतलं असेल, अशी आशा आहे. वहिनी, मोठ्याने वाचून दाखव त्याला. चष्मा सापडत नाही म्हणाला, तर कपाळावर बघ.

माझं बरं चाललंय. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. आपली मावसबहीण लिझेत मजेत आहे, तिच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू याही वर्षी सगळ्या शहरासोबत एक जुलैला घर बदलणार आहेत, म्हणजे तिचा जिना पुन्हा फ्रिज आणि सोफ्यांनी गजबजणार. तुमच्याकडे मेपलचा रस उतरायला लागला असेल. तुझे डबे बंद झाल्यापासून तीन वर्षं मी दुकानातला मेपलचा पाक खातेय रे. पाक कसला, रंगवलेलं साखरेचं पाणी!

आता कामाचं सांगते. एकसष्टाव्या वर्षी मी ऑफिसात शीळ घालत असते, एवढी खूश आहे. कारण माएल. ही या हिवाळ्यात आमच्याकडे नवीन आलेली मुलगी. केस हिरवे, डोकं लख्ख. आल्या दिवशीच मला म्हणाली, "युगेत, आज कोड लिहायचा नाही. लोक आपल्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ कशी काढतात ते बघत बसायचं. आणि तोंड उघडायचं नाही."

तोंड न उघडता मी! पण बसले. नाटकाचे सेट उभे करणारा एक सुतार बोलावला होता. त्याने एका कमानीसाठी एकापाठोपाठ एक अकरा बिंदू ठेवले, बारावा जरा चुकला, म्हणून मागे जायला बटण दाबलं, तर अख्खी रेघ गायब. त्या गृहस्थाने शिव्या घालताना, आपल्याकडच्या रीतीने, चर्चमधलं एकूण एक भांडं नाव घेऊन जमिनीवर आपटलं. तुझी फार आठवण आली.

मी म्हणाले, "अहो, ते बटण दाबायचंच नसतं."

माएल म्हणाली, "मग ते तिथे कशाला ठेवलंयस? शोभेला?"

तेरा वर्षांपूर्वी ते मीच ठेवलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी रेघा आणि वक्र काढायची सगळी अवजारं खोलून टेबलावर मांडली. आता बिंदू चुकला तर तेवढाच पुसला जातो. रेघ ओढता ओढता लांबी टाइप केली की रेघ तिथेच थांबते. सरळ रेघेतून वळण निघतं ते गुडघ्यासारखं मोडून नाही, तर तू तापल्या सळईला देतोस तसं अलगद. आणि काढून झालेला वक्र हाताने धरून ओढता येतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. गुडघ्यासकट.

आणि एक आकडा बदलला. बारा.

इतकी पानं गोड गोड लिहून झाल्यावर आता इथे येणं भाग आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा गोल नसतोच. लहान लहान सरळ तुकडे जोडून गोलासारखं दाखवायचं, हीच त्याची रीत. तुकडे जास्त, तर गोल जास्त खरा. मी पहिल्यांदा वक्राचं अवजार लिहिलं तेव्हा एका वळणाला बारा तुकडे ठेवले. पडद्यावर छान दिसायचं, तेव्हाच्या मशीनला झेपायचं. नंतर बदलू म्हटलं. वळण वीतभर असो की लिझेतच्या गोल जिन्याचा पूर्ण वेढा असो, तुकडे बाराच. आणि लांबी विचारली की सॉफ्टवेअर त्या बारा सरळ तुकड्यांची बेरीज सांगायचं. गोल रस्त्याने न जाता बारा ठिकाणी शेतातून आडवं गेलं, तर वाट कमी भरणारच. किती कमी, ते तुला सांगायला नको.

तीन बोटं.

रोझेर, मला तीन वर्षांपूर्वीचा तो तीस जून मिनिटामिनिटाने आठवतो. दुसऱ्या दिवशी भाडेकरू यायचे होते. तू शाविनिगनहून ट्रकवर लिझेतच्या जिन्याचा कठडा घेऊन आलास. दोन नाताळ मी तुझ्या मागे लागले होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तू पेन्सिल ठेवून माझ्या सॉफ्टवेअरवर काढलेला कठडा. समोरच्या सगळ्या बाल्कन्यांत लोक बिअर घेऊन बसलेले. खालचं टोक बसलं, वेढा बसला, आणि वरच्या खांबापाशी तीन बोटं मोकळी हवा. बघणाऱ्यांना आयती करमणूक झाली. तेव्हापासून सगळी गल्ली तुला "तीनबोट्या" म्हणते. लिझेत सांगत होती, तू तिच्याकडे आलास की नवीन लोक तर तुझी बोटं मोजून बघतात.

तू जिन्यावरून खाली उतरलास आणि हळू आवाजात मला म्हणालास, "युगेत, तुझ्या मापात काहीतरी घोटाळा आहे." हळू आवाजात. तू! माझी अब्रू राखायला. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "मशीन चुकत नाही. तुझा हात म्हातारा झालाय!"

माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीतच आहे. पण ते जिभेचं काम नव्हतं. घाबरले होते मी.

वर मी असं लिहीत आले, जणू बारा हा आकडा आम्हाला या हिवाळ्यात सापडला. माएलला सापडला. मला नाही. कठडा कमी पडला त्याच आठवड्यात मी तुझी फाइल उघडून बघितली होती. दहा मिनिटांत कळलं. तू काढलेलं सगळं बरोबर होतं, एकेक पायरी, एकेक खांब. फोन हातात घेतला आणि ठेवला. मग म्हटलं पुढच्या आठवड्यात. मग नाताळात. मग इतका उशीर झाला की उशीर झालाय हेच सांगायची लाज वाटायला लागली. तीन वर्षं मी मूग गिळून बसले आणि तू ते नाव घेऊन फिरलास. आणि आकडाही बदलला नाही, कारण बदलला की ऑफिसात का ते सांगावं लागलं असतं.

माफ कर. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

नवी अवजारं मेअखेर लोकांना द्यायची आहेत. मी माएलला सांगितलंय, माझा भाऊ येऊन एक कठडा काढत नाही तोवर काही बाहेर जाणार नाही. ती म्हणाली, "आणि नाही आला तर?" मी म्हणाले, "तर माझं डोकं खा, पण थांब." ये ना रे.

तुझी
युगेत


शाविनिगन,
९ एप्रिल

युगेत,

चष्मा कपाळावरच होता.

पत्र दोनदा वाचलं. कोलोंबने तिसऱ्यांदा वाचलं आणि रडली. ती साबणाची जाहिरात बघूनही रडते, तेव्हा उगाच फुशारू नकोस.

तुझा बारा मला कळला नाही, शेतातून आडवं जाणं कळलं. मशीन चुकलं याचं मला कधीच काही वाटलं नाही. लोखंड रोज चुकतं माझ्याशी. मी चाळीस वर्षं प्रत्येक कठडा कापायच्या आधी दोरी धरून मापतो. तो एकच नाही मापला. बहिणीने बनवलंय, तिथे दोरी कशाला धरायची, असं वाटलं होतं. त्यामुळे ते हाताचं बोललीस ते लागलं. फार लागलं. ते अजूनही लागतं, हे सांगून ठेवतो.

येईन. मे महिन्यात, पाकाचं काम आटपल्यावर. तुझ्या त्या हिरव्या केसांच्या पोरीला सांग, मी माउस हातोड्यासारखा धरतो, हसायचं नाही.

एक अट आहे. लिझेतचा कठडा मी नव्याने करणार. तीस जूनला बसवणार. तीच गल्ली, त्याच बाल्कन्या. तू पाचव्या पायरीवर उभी राहायचं आणि जे मला लिहिलंस ते त्यांना सांगायचं. तेव्हा आवाज होता, तर आता पण असेलच.

सोबत पाकाचे सहा डबे. दुकानातला खाऊ नकोस, शरम वाटते मला.

रोझेर


मॉन्ट्रियल,
२ जुलै

माझ्या दादा,

तू काल पहाटेच निघून गेलास आणि मी उठून बघते तर ओट्यावर धुतलेला कप. निरोप घ्यायची रीत नाहीच आपल्या घरात. म्हणून लिहितेय.

आधी ऑफिसचं. तू मे महिन्यात येऊन गेल्यापासून माएल तुझ्याच गोष्टी सांगत असते. लांबीचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसला, तेव्हा तू म्हणालास, "हे काय, कबुलीजबाब आहे का, कुजबुजत सांगताय ते?" तिने ते वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. आता वक्राशेजारी ठळक दोन आकडे दिसतात, एक तुकड्यांच्या बेरजेचा आणि एक खऱ्या वळणाचा. फरक बोटभर झाला की आकडा लाल होतो. तुझ्यामुळे तीन आठवडे उशीर झाला आणि कुणीही कुरकुरलं नाही. गेल्या आठवड्यात अवजारं बाहेर गेली. त्या नाटकाच्या सुताराने कळवलंय की कमान एका दमात निघाली आणि त्याने एकही भांडं फोडलं नाही.

आणि परवाचं तर काय सांगू! वेढा बसला, वरच्या खांबाशी टोक टेकलं, आणि मध्ये नखही शिरेना. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मी पाचव्या पायरीवर उभी, आणि समोरच्या बाल्कनीतला तो टकला ओरडतो, "काय तीनबोट्या, आज किती?"

मी एवढंच म्हणू शकले, "ऐका रे सगळे! ती तीन बोटं माझी होती. चूक मी केली आणि तीन वर्षं लपवली. रोझेरचं एक केसभरही चुकलं नव्हतं." आणि तो टकला म्हणाला, "म्हणजे आता तीनबोटी तू!" एवढं हसले सगळे, की लिझेतच्या पिझ्झ्यावर बिअर सांडली. हसत होतास तूही. तीन वर्षांनी मी तुझे मागचे दात बघितले.

जुन्या कठड्याला तू नंतर जोडलेला तो तीन बोटांचा तुकडा कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवलास. ऑफिसात माझ्या टेबलावर आहे तो. माएलला वाटतं, कागदांवर ठेवायचं वजन आहे. असू दे.

रात्री भांडी पुसताना तू विचारलंस, "मग, युगेत? हात म्हातारा झालाय का माझा?" आणि मी नुसती हसले, कारण तोंड उघडलं असतं तर रडलेच असते. कठड्याबद्दल गल्लीला सांगितलं, पण हाताबद्दल तुला काहीच बोलले नाही. ते उत्तर द्यायला हे पत्र.

नाही, दादा. आज सकाळी एकटीच लिझेतकडे गेले. डोळे मिटून कठड्यावर हात ठेवला आणि खालपासून वरपर्यंत चढले. कुठेही हात अडला नाही. गुडघाही नाही कुरकुरला. तुझ्या हातात आणि माझ्या कोडात फरक पडला, तर यापुढे कोड मी बदलीन.

पुढचा कठडा कापायच्या आधी दोरी मात्र धर. माझ्यावर विश्वास असला तरी धर.

तुझी,
गल्लीने जिचं बारसं केलं ती,
तीनबोटी