पराटीची डोलकाठी

२८ जून, शनिवार

घरात जहाज आलं! खोक्यात आहे, पण जहाजच.

आज तांड्यात राखीचा सत्कार झाला. जहाजावर अधिकारी होण्याच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला — चेन्नईला. आमच्या तांड्यातून पोलीस झाले, मास्तर झाले, पाण्यावर कोणी गेलं नव्हतं. रामधन नायकानं माईक हातात घेतला तो सोडलाच नाही. "आपल्या वाडवडलांचे बैल मीठ आणायले समुद्रापर्यंत गेलते. तिथून माघारी फिरले! आपली पोरगी आता तिथून पुढं जाऊन राह्यली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बापानं वाजवायच्या असतात का, कळलं नाही.

तिच्या दिग्रसच्या कॉलेजातल्या भैरवी मॅडमनी भेट म्हणून हे खोकं दिलं. आत लाकडाच्या पट्ट्या, दोरा, कापड आणि चित्रांचं पुस्तक. सगळं जोडलं की जुन्या काळचं शिडाचं जहाज होतं म्हणे.

घरी आल्यावर राखी म्हणाली, "बा, सगळे बोलले, तुमीच नाही बोलले. जाऊ का नको, ते तुमच्या तोंडून सांगा." मी समुद्र पाहिलेला नाही. काय सांगू? खोक्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "हे पुरं होऊ दे. मग सांगतो." असं का म्हणालो, माझं मलाच समजलं नाही.

२९ जून

खोकं देवापुढे ठेवलं. उघडलं नाही.

१ जुलै

उघडलं. जिनिंग बंद आहे, नवा कापूस येईपर्यंत वजनकाट्यावर मला काम नाही. सकाळी वावर, दुपारी जहाज — असं ठरवलं.

आधी एक लांब कणा. त्याला आडव्या फासळ्या. बैलाच्या सापळ्यासारखं दिसतं, जरा भीतीच वाटली. राखी पुस्तकातलं इंग्रजी वाचून सांगते, मी जोडतो. तिला विचारलं, "यात तू कुठं राहशील?" ती हसली. "बा, हे जुनं जहाज हाय. आताचं लोखंडाचं राह्यते, आपल्या तांड्याएवढं." लोखंडाचं? पाण्यावर? पुस्तकात आहे म्हणजे असेल. पण सुई टाकली की बुडते, हे मी पाहिलेलं आहे.

जमनी परात शोधत होती. परातीत फासळ्या वाळत ठेवलेल्या. "राखीचे बा, मी भाकरी काय तुमच्या पाठीवर थापू?"

३ जुलै

आता फासळ्यांवर पट्ट्या चढवायच्या. पट्ट्या फार कोरड्या वाटल्या. नवं लाकूड कोरडं कामाला घेऊ नये. बंडीचं जू असो की वखराचा दांडा, आधी जवसाचं तेल पाजायचं, हळदीचं बोट लावायचं, मग हात घालायचा. वडील तसंच करायचे. एकेका पट्टीला तेल पाजलं, हळद लावली आणि उन्हाच्या तिरपीत मांडून ठेवल्या. सोन्यासारख्या दिसत होत्या. मनाला बरं वाटलं — काहीतरी मला येणारं निघालं!

४ जुलै

फजिती! गम धरतच नाही. पट्टी लावली की निसटते. दोऱ्यानं बांधली, सोडली, की पुन्हा उघडी. बाटलीत काही खोट आहे का पाहायला फळीचे दोन तुकडे चिकटवले, ते तर सुटेनात.

उकंडा सुताराला बोलावलं. त्यानं पट्टी नाकाशी नेली आणि खाली बसून हसला. "लेका खेमसिंग, तू बंडी करून राह्यला का जहाज? तेल पाजलं त लाकूड पोट भरून बसलं! आता ते गम कायले खाईन?"

राखी इतकी हसली की तिला ठसका लागला. जमनीही हसली. मीही. घरात पुष्कळ दिवसांनी असं झालं. उकंडानं सांगितलं तसं पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या, पॉलिश पेपर मारला, पुन्हा उन्हात ठेवल्या. हळदीचा रंग काही गेला नाही. राहू दे.

७ जुलै

पट्ट्या धरायला लागल्या. जहाजाला अंग आलं.

९ जुलै

सुकाणू हरवलं. मागच्या टोकाला बसते ती फळी, जहाजाला दिशा देणारी. बोटाच्या दोन पेरांएवढी असेल. काल डब्याच्या झाकणात होती. घर झाडलं, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं, उंदराच्या बिळात काडी घालून पाहिली. उंदीर नेईल? नेऊन करील काय?

राखी म्हणाली, "राहू द्या न बा, काय घाई हाय?" तिला घाई असायला हवी. गोंधळच आहे.

१० जुलै

नाही सापडलं.

१२ जुलै

राखीला घेऊन अरुणावतीच्या धरणावर गेलो. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी तेच. भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, झाडं दिसतात, बकऱ्या दिसतात. समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही म्हणे. मग माणूस नजर कशाला लावतो? राखीला विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही, बा." मॅडमसमोर, नायकासमोर ती असं कधी म्हणत नाही. सगळं माहीत असतं तिला.

ओळखीचा भोई जाळं घेऊन निघाला होता. राखीला म्हणाला, "तू तर जहाजवाली! बस न बाई, एक फेरी मारून आणतो." ती दोन पावलं मागे सरली. "आज नको, काका. चप्पल ओली होईन."

मला वाटतं, मी रागावेन म्हणून नाही बसली. बापाच्या मनात काय आहे तेच पोरीला समजत नाही, तर ती पाय कुठं ठेवणार? माझ्यामुळे ती अडून बसली आहे. परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली. रात्री जेवली नाही.

१५ जुलै

तांड्याच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. "तांड्याची लेक समुद्रावर!" राखीच्या डोक्यावर साहेबाची पांढरी टोपी आहे, कॉम्प्युटरनं घातलेली. नायकाचा फोटो तिच्याहून मोठा! सत्तावीस तारखेला, रविवारी देवळात सेवाभायाला भोग आणि राखीला निरोप, असं त्यानं जाहीर करून टाकलं. मला विचारलं नाही. म्हणाला, "तुले काय विचारायचं? तू त वजन पाह्यल्याशिवाय हो म्हणत नाहीस!"

संध्याकाळी राखी माझ्या शेजारी येऊन बसली. "बा, तुमी नाही म्हणाले तरी चालते बरं का. मी रागावणार नाही." केवढी समजदार पोरगी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिच्याही.

अर्धी भाकरी ठेवून उठली.

१७ जुलै

सकाळी लिंबाखालच्या देवळात दिवा लावला. देवापुढे अरदास केली. सेवाभाया, मी समुद्र पाहिला नाही, तू सगळं पाहिलंस. पाठवू का नको? काहीतरी खूण दे.

पांढरा झेंडा हलत होता. पण तो रोजच हलतो.

१९ जुलै

गोठ्यामागे जुन्या बंडीचं मोडकं चाक पडलं आहे. आज त्याचा एक आरा काढला. बाभळीचं लाकूड, लोखंडासारखं. उकंडाच्या पटाशीनं तासून, घासून नवं सुकाणू केलं. लावून पाहिलं — पहिल्या झटक्यात बसलं! कमी नाही, जास्त नाही. वडिलांच्या बंडीचं लाकूड जहाजाला दिशा दाखवणार. याहून मोठी खूण काय असते?

राखीला हाक मारून दाखवलं. पाहतच राहिली. "तुमी दुसरं केलं?" एवढंच बोलली आणि आत गेली. आनंदानं तोंडून शब्द निघाला नसेल. की मी भलतं काही केलं?

२१ जुलै

डोलकाठी गेली! मधली, मोठी, जिला शीड बांधायचं तीच. सुकाणू इवलंसं होतं, पण वीतभर काठी कुठं जाईल? उंदीर नाही, कोंबडी नाही. घरात आम्ही तिघं.

खूण दिली आणि काढून घेतली, असं देव करतो का?

मी जमनीला विचारलं. विचारलं कसलं, वाईट बोललो. "पोरगी जाऊ नये म्हणून तू लपवून राह्यली." ती चुलीपुढून उठली नाही, वळलीही नाही. "मी काहून लपवू? जलमभर लोकाचा कापूस वेचला मी. बोटं पाहा माह्यी. मले त वाटते तिनं जावं, आजच जावं. तुमीच अडवून राह्यले, खेळणं मांडून." नंतर पदर डोळ्यांना लावला.

राखी दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. आईची बाजू घ्यायला तोंड उघडलं, मिटलं, बाहेर निघून गेली.

जमनीनं नाही घेतली. मग? काहीच उमगत नाही.

२२ जुलै

जमनीला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "मले नका सांगू. पोरीले हो सांगा."

२४ जुलै

बाजारात भैरवी मॅडम भेटल्या. डोलकाठी हरवली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "काका, कंपनीला कळवा, नवी पाठवतील." पण ती रविवारच्या आत कशी येणार? बसमध्ये विचार करत बसलो. घरी आलो आणि समोर पराटीचा भारा दिसला, चुलीसाठी रचलेला. मागच्या वर्षीच्या कपाशीची वाळकी झाडं. त्यातली एक सरळ काडी निवडली, साल काढली, घासली. हलकी आणि ताठ.

जमनीच्या हातांनी वेचलेल्या कपाशीचीच काडी असेल ती. उभी केली, दोरे ताणले, शीड बांधलं. राखीनं दोरे धरले. म्हटलं, "गाठ तू मार. जहाजावर मारावीच लागेल." मारली. सुटली. मग मी मारली.

२६ जुलै, शनिवार

जहाज पुरं झालं.

देवापुढच्या पाटावर ठेवलं आहे. अंग हळदीचं, सुकाणू बाभळीचं, डोलकाठी पराटीची. चित्रातल्यासारखं नाही. थोडं डावीकडे कलतं. पण जहाज आहे.

राखी म्हणाली, "बा, आता सांगा." मी म्हटलं, "उद्या, सगळ्यांसमोर सांगतो." तोंड पांढरं पडलं तिचं. म्हणाली, "आताच सांगा न. मले एकटीले." मला थोडी गंमत करावीशी वाटली, बापाला एवढा हक्क असतो. म्हटलं, "उद्या."

उद्या हो म्हणायचं आहे. समुद्र अजूनही समजला नाही. पण पोरीचं मन समजलं, ते पुरे. महिनाभर बिचारी माझ्या एका शब्दासाठी उपाशी राहिली. माझी भीती माझ्याजवळ ठेवीन. देवळातला अंगारा आणि बाभळीचा एक तुकडा तिच्या बॅगेत गुपचूप टाकायचा विचार आहे. त्या बंडीची बाभूळ राखीच्या आजीच्या अंगणातली होती.

२७ जुलै

सकाळी अंगारा ठेवायला राखीची बॅग उघडली. तळाशी रुमालात सुकाणू होतं. आणि डोलकाठी.

ती मागेच उभी होती. "बा, किती येळा म्हटलं तुमाले, नाही म्हणा. मले पाण्याची भीती वाटते. पेपर सोपा गेला, नंबर लागला, मंग सगळे नाचाले लागले. आता मी नाही म्हटलं त माह्या तोंडावर थुंकतीन. तुमी नाही म्हटलं त कोणाले नवल नाही. बाप नाहीच म्हणतात."

सगळ्यांनी मिळून पोरीला तेल पाजलं, त्या पट्ट्यांसारखं. मीही.

नायकानं माईक दिला. मी म्हटलं, "मी पोरीला पाठवत नाही." टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. मग मागून कोणीतरी, "काट्यावरचा माणूस. अक्कल बी छटाकभरच!" नायकानं माईक हिसकावला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमनीनं पाहिलं. ते पाहणं मला लिहिता येत नाही. तिला खरं सांगायचं नाही, असा शब्द राखीनं घेतला आहे.

बरोबर केलं? पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन. तिला एकटीला, माईक नसताना.

जमनीनं माझं ताट वाढलं नाही. राखीनं वाढलं. स्वतः समोर बसली आणि तीन भाकरी खाल्ल्या.