हॉर्न वाजवू नये

२ जुलै
आलो एकदाचा या हिंगोलीजवळच्या गोरेगावला! पुण्यात वीस वर्षं खडू झिजवून जी मिळाली नाही, ती मुख्याध्यापकाची खुर्ची इथे मिळाली. खोली ऐसपैस, खिडकी थेट रस्त्यावर. घरमालकीण अमीरबी शेजारी राहते, जेवणही तिच्याकडेच. तिचा मुलगा कय्युम हिंगोलीची जीप चालवतो. सकाळी सातला दारोदार हॉर्न देत माणसं गोळा करायची इथली रीत. याला हे लोक प्रवासी वाहतूक म्हणतात! पायात गुठळी झाल्यापासून सुरू असलेली रक्त पातळ करायची गोळी जेवल्यावर घेतली.

७ जुलै
शिक्षकांच्या टाचणवह्या तपासल्या. एकाला धड सही येत नाही. कय्युमला बजावलं, माझ्या दारात हॉर्न वाजवायचा नाही, मी बाजाराला निघालेली कोंबडी नव्हे. 'बराबर हाय सर, न्हाई वाजवणार,' म्हणाला. चेहरा पडला त्याचा. पडू दे.

१९ जुलै
अंगाला खाज. इथलं पाणीच घाणेरडं. भूक मेली आहे. अमीरबीचं पिवळंजर्द वरण बघूनच मळमळतं.

२४ जुलै
अमीरबीने उंबऱ्यात अडवलं. म्हणे, मास्तर, डोळे पिवळे दिसून राहिले तुमचे, काहून अंगावर काढता? मला वाटलं, आता काविळीची माळ काढणार. तर बाई म्हणते, कय्युमच्या गाडीत बसा, हिंगोलीला रक्त तपासा, रोजची ती गोळी बी डाक्टरला दाखवा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मला औषधं शिकवणार! गोळीच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय, यकृताला इजा 'क्वचित'. मला वाचता येतं. दार लावून घेतलं.

२९ जुलै
लघवी कोऱ्या चहासारखी. हिरड्यांतून रक्त येतं, थांबत नाही. आरशात डोळे— ट्यूबलाइटमुळे असेल. अमीरबी लेकीच्या बाळंतपणाला साखऱ्याला गेली. जाताना पुन्हा तेच टुमणं. तुमचं तुम्ही बघा म्हटलं.

१ ऑगस्ट
भीती वाटते. लिहायची लाज वाटते, पण वाटते. कागद पुन्हा वाचला. 'क्वचित'च्या खालची ओळ— डोळे पिवळे झाल्यास ताबडतोब डॉक्टरांना— ती मी वाचलीच नव्हती. उद्या सातला जीपने जाणार. नक्की.

२ की ३
जीप गेली की काय? झोपलो होतो. सही करून पाहिली, नाव अर्धंच येतं. फोन हातात आहे, उघडायचे आकडे— कोणते? पाय उचलत नाहीत. दाराला आतून कडी.

सकाळ
जीप. वरच्या आळीत हॉर्न. समोरच्या दारात दोनदा. आता मी— ओरडायला तोंड उघडलं तर रक्तच—
माझ्या दाराशी हळू झाली. थांबली. खिडकीकडे बघतोय तो.
वाजव रे कय्युम. एकदा वाजव, मी—
शब्दाचा पक्का निघाला मेला. गिअर पडला. निघा—