अर्धी टाकी

टेकडीवरचा तांडा
दि. ३ एप्रिल २०२५

चि. इंद्रजीत यास लालीआजीचा आशीर्वाद. जय सेवालाल.

मी बरी आहे. कान तेवढे कामातून गेले. तुझ्या फोनमधून मले नुसता भुंगा ऐकू येते, म्हणून लिहून राह्यली. प्रौढ वर्गात दोन हिवाळे बसली त्याचा एवढाच फायदा. अन् फोनवर तू हो हो म्हणून मोकळा होतो. कागदाले हो हो म्हणता येत नाही.

खेमसिंग दूध घालून मुकुटबनहून वापस आला अन् आल्या आल्या दात काढत सांगत बसला का तुझी गाडी घाटाच्या पायथ्याशी खाली बसली. पाण्याची टाकी भरून तू आमच्यासाठी निघाला, अन् चढ लागला तशी गाडीनं मागून बैठक मारली, तोंड आभाळाकडे. कुत्रं दारात बसते तसं, म्हणे. मग तू सारं पाणी पायथ्यालेच सोडलं अन् बाया पाण्याची गुंडं घेऊन खाली उतरल्या. अरे, चारही चाकं ओढणारी, मागं माल लादाची गाडी म्हणून तू ती घेतली. ओढणारी चाकं आहेत पण पाठ कोठी आहे तिले?

इथली विहीर होळीच्या आधीच आटली. अर्धा तांडा कुलपं लावून खाली नातेवाईकाईकडे गेला. ट्रॅक्टरचं टँकर त्या पळसाच्या मोडावर वळत नाही, म्हणून सरकारी पाणी पायथ्यालेच थांबते. तुझ्या बापाचा, देवसिंगचा, निरोप आला का आजीले मुकुटबनले आणून ठेवतो. त्याले सांगजो का मागच्या साली मी आठ दिवस ठेवल्यासारखी राह्यली. पंख्याखाली बसून सून वाढेल ते खायचं अन् टीव्हीतल्या बायाईचं रडणं पाह्यचं. मले ऐकू येत नाही तरी त्या रडतच होत्या. मी येत नाही. पाणी वर आलं पाह्यजे.

गाडीचं काय करतो ते लिहून पाठव. खेमसिंग रोज उतरते.

तुझी आजी,
लालीबाई


यवतमाळ
दि. ६ एप्रिल

ती. लालीआजीस इंद्रजीतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुकुटबनला बाबांनी वाचलं, आईनं वाचलं, मग निघताना माझ्या हाती आलं. टीव्हीतल्या बायांचं वाचून आई हसली, पण ‘सून वाढेल ते’ यावर तिचं तोंड उतरलं. ते मी मिटवतो.

गाडी यवतमाळला पाटेवाल्या भारतभाऊंकडे आणली आहे. तुला समजेल असं सांगतो. मागच्या चाकांवर लोखंडाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. माझे पाटे जुने, सपाट झालेले. भार पडला की मागची बाजू बसते, पुढची उचलते, आणि पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकतात. मग चढावर स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. भारतभाऊ जुने पाटे काढून जाड पाटे घालत आहेत, वर दोन जास्तीचे. शॉकअपही नवे. पण त्यांनी आधीच बजावलं की पाटे वाढवले म्हणजे गाडीचे ब्रेक वाढत नाहीत, कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त भरशील तर माझ्याकडे रडत येऊ नको.

बाबांचं म्हणणं पक्कं आहे. हा महिना संपायच्या आत पाणी वर चढलं नाही तर ते स्वतः येऊन तुला घेऊन जाणार. तुझी बाजू मी घेतली. ते म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात तिला चक्कर आली तेव्हा तू कुठं होतास.

गाडी दोन-तीन दिवसांत मिळेल. तब्येत सांभाळ. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
इंद्रजीत


तांडा
दि. ८ एप्रिल

चि. इंद्रजीत, आशीर्वाद.

ते सा. न. वि. वि. काय आहे म्हणून शेजारच्या जमनाबाईले विचारलं. ती म्हणे साष्टांग नमस्कार. एवढ्या घाईचा साष्टांग मी पहिल्यांदा पाह्यला. पाठ तुझी वाकत नाही, गाडीचीच वाकते.

चक्कर आलती ती उन्हानं नाही, तुझ्या बापानं आणलेल्या गोळ्याईनं आलती. त्याले हे सांगू नको, नाहीतर तो नव्या गोळ्या घेऊन येईन.

पाटे समजले. पण लोखंड वाढवून सारंच होते असं समजू नको. तुझ्या पणजोबानं, म्हणजे माझ्या सासऱ्यानं, लदेणी केली आहे. बैलाईच्या पाठीवर मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या लादून ते थेट आंध्रात जात. तो सांगे का घाट आला म्हणजे भरल्या बैलाले मारत बसू नये. अर्धा माल पायथ्याले उतरवायचा, राखण बसवायची, अर्धा वर न्यायचा अन् मग दुसरी खेप. बैलाले राग येत नाही अन् आपलाही घसा बसत नाही. तू पण तेच कर. टाकी अर्धीच भर. दोन खेपा होतील, होऊ दे. तुले एवढी कोणती घाई आहे? पोरगी पाह्यले तर कोणी बोलावून नाही राह्यलं.

बोलावलं तरी गाडी दूर उभी ठेवजो. पोरीच्या बापानं खाली वाकून पाटे पाह्यले तर म्हणीन, याच्या गाडीले एवढं लोखंड अन् याच्या अंगाले एवढुसं मांस.

अर्धी टाकी, ध्यानात ठेवजो.

लालीबाई


मुकुटबन
दि. १३ एप्रिल

ती. आजीस, या वेळी पूर्ण लिहितो, साष्टांग नमस्कार.

गाडी आली. मागून उंच झाली आहे, रुबाबदार दिसते. पण रिकामी असली की दगडासारखी. बाबा शेजारी बसले होते, खड्ड्यात गेली तर त्यांचं डोकं छताला लागलं आणि तंबाखूची डबी मागच्या सीटवर. ते म्हणाले, हे तू आजीसाठी बनवलंस का आजीचा जीव घ्यायला. भारतभाऊ म्हणतात भार पडला की मऊ होते, रिकामी असंच चालायचं.

काल तुझ्या सांगण्याप्रमाणं टाकी अर्धी भरून घाट चढलो. सुरुवातीला मस्त. मागची बाजू बसली नाही, पुढची चाकं जमीन धरून होती. पळसाच्या मोडावर वळायला लागलो आणि टाकीतलं सगळं पाणी एका अंगाला धावलं. आजी, मी तो आवाज ऐकला. गाडी पाण्यामागं झुकली, आतल्या बाजूचं मागचं चाक उचललं. मी थांबवली, तर पाणी परत दुसरीकडे धावलं आणि गाडी पुन्हा हलली. खाली उतरून टाकीची तोटी उघडली आणि सगळं पाणी सोडून दिलं. रिकामी टाकी ढकलून तिथंच पळसाखाली उतरवली आणि रिव्हर्समध्ये घाट उतरलो. एकदा दरीकडे पाहिलं, मग पाहिलंच नाही.

भरलेली टाकी घेऊन पहिल्यांदा आलो होतो तेव्हा गाडी बसली होती, पण डुलली नव्हती. भारतभाऊंना फोन केला. ते म्हणाले, अर्ध्या टाकीतलं पाणी बसत नाही, फिरत राहतं. पाटे भार उचलतात, धावणारं पाणी कसे धरतील. आणि टाकी पूर्ण भरली तर टाकीच्या वजनासकट कागदावरच्या आकड्याच्या वर जाते. म्हणजे अर्धी नाही आणि पूर्णही नाही.

बाबांनी सगळं ऐकलं. येत्या गुरुवारी येऊन तुला आणतो म्हणाले. आजी, मला आता काही सुचत नाही. कपडे भरून ठेव.

इंद्रजीत


तांडा
दि. १४ एप्रिल

चि. इंद्रजीत,

तू धड आहेस हे पहिले वाचलं, मग बाकीचं.

मी तुले बैलाचं सांगितलं होतं. पाण्याले धान्य तू समजला. गोणीतलं धान्य जागचं हलत नाही, पाणी हलते, हे तुले शाळेत शिकवलं नाही काय? एवढे पैसे भरले तुझ्या बापानं.

हे मी जमनाबाईले पण ऐकवलं. पण ती मेली ओट्यावर बसून हसाले लागली अन् चार बायाईले बोलावून सांगे, लालीनं सारा जलम डोक्यावर गुंड वाहलं अन् पोराले अर्धं भराले सांगितलं. अर्धं गुंड पदर भिजवते, भरलेलं चूप राह्यते, हे दहा वर्षाच्या पोरीले समजते. मी तिले म्हटलं का तू तुझी चहा पी. दोन दिवस तिच्याशी बोलाचं नाही असं ठरवलं. सकाळीच मीठ मागाले जावं लागलं तं ते वेगळं.

आता ऐक. ती मोठी टाकी पळसाखालीच राहू दे, माकडं पितील. आपल्या बायाईकडे धान्य ठेवाचे निळे ड्रम आहेत, ज्याईले झाकणावर लोखंडी कडं असते. चार ड्रम मी गोळा केले. जमनानं ज्वारी चादरीवर ओतून एक दिला. एक माझा. त्याच्यात माझे लग्नातले कपडे होते, आरशाची फेटिया-कांचळी. ती मी खताच्या पोत्यात भरली. उगाच हळहळू नको, ती मले आता बसत नाही अन् तुझ्या बायकोले आवडणार नाही. खेमसिंगच्या बैलगाडीनं चारही ड्रम उद्या खाली येतात.

प्रत्येक ड्रम तोंडापर्यंत भर, बोट घालाले जागा राहू नये. झाकण आवळ. चारही मधोमध एकमेकाले चिकटून बांध, अन् भारतले वजन विचारून घे. वजन जास्त होत असन तर ड्रम अर्धे भरू नको, ड्रमच कमी आण. म्हणजे माझ्या सासऱ्याचंही खरं झालं, का घाटावर भार कमी न्यावा. हे जमनाले सांगून झालं आहे.

बाप गुरुवारी येत असन तर त्याले गाडीतच बसव. त्याले दिसू दे.

आजी

ता.क. तुले भेव वाटत असन तर येऊ नको. मी पायथ्यापर्यंत उतरून पाणी आणीन, आणत होतीच. पण मोडावर दरीकडे पाह्यचं नाही हे चांगलं केलं.


मुकुटबन
दि. १८ एप्रिल

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

काल तू घरी नव्हतीस. जमनाआजी म्हणाली, मोहफुलं वेचायला गेली, देवसिंग न्यायला येणार म्हणून मुद्दाम लांबच्या झाडाखाली गेली. म्हणून हे लिहितो.

भारतभाऊंनी चार ड्रमला होकार दिला. बाबा शेजारी बसले, दोन्ही हातांनी वरची कडी धरून. भार पडला तशी गाडी खरंच मऊ चालली. मोड आला तेव्हा बाबांनी डोळे मिटले, हे मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं आहे, तूही सांगू नको. मी हळू वळलो. मागून काही आवाज आला नाही, काहीच नाही. गाडी वळली आणि सरळ झाली. बाबांनी डोळे उघडून विचारलं, मोड कधी येणार.

पाइप लावून ड्रम रिकामे केले. बायांनी रांग लावली, भांडणंही झाली, म्हणजे सगळं व्यवस्थित. दुसरी खेप तिसऱ्या प्रहरी केली. बाबा वर थांबले, म्हणाले, म्हातारी आली की समजावून घेऊन येतो, तू उद्या सकाळच्या खेपेत दोघांना ने. आज सकाळी आलो तर तुम्ही दोघंही घरी नाही. यायचं असेल तर कळव, परतताना गाडी रिकामीच असते. पाठीखाली गोधडी घे, आपटेल.

तुझा,
इंद्रजीत


तांडा
दि. २० एप्रिल

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

पाणी पोचलं. गोड आहे, थोडा ड्रमातल्या ज्वारीचा वास येते तो जाईन. दोन घरं कुलपं काढून वापस आली. जमना साऱ्याईले सांगत फिरते का ड्रमचं डोकं तिचं. मी फिरू देते, तिले चालणं बरं आहे.

तुझा बाप मले मोहाच्या झाडाखाली भेटला. मले सांगाले लागला, मुकुटबनले चल, तिथं नळ आहे, डॉक्टर आहे. मले ऐकू आलं नाही. मग तो लिहून दाखवाले लागला, तं माझा चष्मा घरी. मग त्यानं टोपली घेतली अन् फुलं वेचाले बसला. लहानपणी वेचे तसाच, पालापाचोळ्यासकट. काल पण गेला. आज पहाटे मी उठाच्या आधीच टोपली घेऊन गेला. अंगणात खाट टाकून झोपते अन् घोरते असा का मलेही ऐकू येते.

मले न्यायले आला होता तो हा माणूस. आता तुम्हीच त्याले न्या. मी विचारलं कवा जातो, तं त्याले ऐकू आलं नाही.

तवा पुढच्या खेपेले त्याचे दोन जोडी कपडे, तंबाखूची डबी अन् चष्मा पाठव. सुनेले सांगजो का तिच्या हातचं मले आवडते, तिनंही वर यावं, पंखा नाही पण वारा आहे.

पणजोबाच्या लदेणीत बैलाईले नावं होती. तुझ्या गाडीले नाव ठेवलं नसन तं ठेवू नको, लाडावते.

लोभ आहे तेवढा पुरे. एक खेप तेवढी वाढव, तुझ्या बापाले आंघोळीले लय पाणी लागते.

तुझी आजी,
लालीबाई