मागच्या डाव्या चाकाची हवा

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! नर्सरीची रोपं गिऱ्हाइकांना घरपोच करायची. पिकअप जवळजवळ नवी. सीट पुढे ओढली की माझे पाय ब्रेकपर्यंत पोचतात, म्हणजे आमचं जुळलं म्हणायचं. राहायला गोदामावरची खोली, खिडकीखाली गुलाबांच्या कुंड्या. मालकीणबाई फटकळ, पण पडदे स्वतः लावून ठेवले होते. एकच कुरकुर: मागच्या डाव्या चाकात हवा कमी असल्याचा दिवा लागतो. हवा भरली की जाईल.

५ तारीख, बुधवार
गेला नाही. मीटर लावून पाहिलं, बरोबर पस्तीस. स्क्रीन म्हणते अठ्ठावीस. दर दहा मिनिटांनी टुंग. पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे. दिवा मागच्या डाव्यालाच चिकटून. मेकॅनिकने नवा सेन्सर बसवला. (त्याला सगळे डॉक्टर म्हणतात.) टुंग. आज त्या आवाजाने दचकले आणि आरसा फाटकाला घासला. बाई म्हणाल्या, एक दिवा आवरत नाही, गाडी काय आवरणार. डोक्याला नुसता ताप.

८ तारीख, शनिवार
डॉक्टरने वैतागून चारही चाकांचे सेन्सर काढले, स्टेपनीचाही. डब्यात घालून डबा पार रस्त्यापलीकडे ठेवला. आता आकडा यायलाच नको. आला. अठ्ठावीस, एकतीस, अठ्ठावीस, एकतीस. मी सीटवर बसले होते. डॉक्टर स्क्रीनकडे बघायचा, मग माझ्याकडे.
"श्वास रोखून धर," तो म्हणाला.
धरला. आकडा एकतीसवर थांबला. सोडला. अठ्ठावीस.

९ तारीख, रविवार
डॉक्टरला खोदून खोदून विचारलं. माझ्याआधी या गाडीवर एक काका होते. त्यांनाही हाच दिवा. शेवटी डॉक्टरने बॅटरीची वायर काढली, दिवा गेला. काका तेव्हा घरी जेवायला बसले होते. घास हातात तसाच राहिला.
"तेव्हा योगायोग म्हटलं," डॉक्टर म्हणाला. "आता त्या वायरीला मी हात लावणार नाही."
तडक ताईकडे निघून आले. बसने चार तास.

११ तारीख, मंगळवार
छाती भरून श्वास येत नाही. डॉक्टरचा फोन: गाडी उभी आहे, चावी काढलेली आहे, तरी स्क्रीन चालू. बावीस. बॅटरी उतरतेय. त्याने चार्जर लावला. दहा मिनिटांत मला बरं वाटलं. ताईला सांगितलं नाही.

१२ तारीख, बुधवार
बाईंनी दुसरा मेकॅनिक बोलावलाय. चार वाजता वायर काढणार. ताईला सगळं सांगितलं—

बाईंना फोन केला. हातापाया पडले. म्हणाल्या, न सांगता नोकरी सोडलीस, आता गाडीची काळजी कशाला? ठेवला.

पावणेचार. उचलत नाहीत. डॉक्टर फाटकाशी आहे, त्याला आत सोडत नाहीत—

उचलला. स्पीकरवर आहेत. ताई विनवतेय, एकच मिनिट थांबा. बाई म्हणतायत, अहो झालंसुद्धा, दिवा गे