गिधाडांचं अस्थिविसर्जन

तीर्थस्वरूप सर,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुमच्यावर रागवायची माझी हिंमत झाली नव्हती. परवा झाली, म्हणून हे पत्र.

परवा कॉलेजात एक संशोधक बाई आल्या. नदीकाठच्या जुन्या गाळात त्यांना मोठ्या पक्ष्याच्या पंजाचं एक हाड मिळालंय, दगड झालेलं. गरुडाचं की गिधाडाचं, हे ठरवायला आजच्या पक्ष्यांची हाडं शेजारी ठेवून बघावी लागतात. त्यांनी तुमचं नाव घेतलं. तुमच्या प्रयोगशाळेतला शिपाई मी, माझीच छाती फुगली! संगणकांसाठी आपली खोली रिकामी करून घेतली, तेव्हा पक्ष्यांच्या हाडांचे ते डबे मीच टेम्पोतून कर्वेनगरला तुमच्या घरी पोचवले होते ना!

थेट तुमच्या अनिकेतकडे गेलो.

"ते डबे? ते बाबांबरोबरच दिले, काका."

"दिले? कुणाला?"

"अहो, विसर्जन केलं. बाबांच्या अस्थींबरोबर, संगमावर. गुरुजींना विचारून, एकदम प्रॉपर. डब्यांवर नुसते नंबर, आम्हाला काय कळणार? त्यात घरात पाळणा हलायचा होता, आणि माळ्यावर चाळीस डबे हाडं!"

तीळ आणि फुलं वाहिली म्हणाला. गिधाडांना, शिक्र्याला, घुबडालासुद्धा!

त्याच्यावर ओरडणार तरी कसा? हाडं सुटी करायला मेलेली घार उकळत टाकण्याआधी मीही हात जोडायचो. "झाली प्रार्थना? मग पाणी ठेवा आता," असं तुम्हीच म्हणायचात. त्याने श्रद्धेनेच केलं. तेच तर जाळतंय मला.

धायरीला आमच्या शेतापलीकडे मेलेली गुरं टाकायचे. तिथून आपण दोन मेलेली गिधाडं आणली होती, आठवतंय? वासाने माझ्या बायकोने मला दोन दिवस घरात घेतलं नव्हतं. आज तिथे सोसायट्या आहेत. गुरांना टोचलेलं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडंही गेली. ती हाडं आता आणू कुठून?

देवाने एकेक प्राणी वेगळा घडवला, एवढंच गावच्या शाळेत शिकलेला मी. तुम्ही ससाण्याची आणि गरुडाची कवटी माझ्या दोन तळहातांवर ठेवलीत. "चोच दोघांची वाकडी, म्हणून भाऊ समजू नका. ससाणा पोपटाला जवळचा. पोट भरायची रीत सारखी झाली की रूपं सारखी होतात, रक्त होत नाही." माझा देव त्या दिवशी लहान झाला नाही, सर. लाखो वर्षं धीर धरणारा झाला.

हे मला सांगितलंत, मग पोटच्या पोराला का नाही? "त्याला त्याचे संगणक, त्याला कशाला?" म्हणायचात. तुम्ही कधी एक डबा त्याच्यासमोर उघडलात का? आणि नावं लिहू का, असं मी किती वेळा विचारलं! "कशाला? माझ्या डोक्यात आहेत." ते डोकं चितेवर गेलं, सर!

मीही कमी नाही. त्या घरात तुमच्याशिवाय पाऊल टाकवेना, म्हणून वर्षभर डबे बघायला फिरकलो नाही.

बाईंना फोन केला. "एकही नाही?" त्यांनी विचारलं. "नाही," म्हणालो.

आता ऐका. वनखात्याची परवानगी काढून पुन्हा सुरुवात करणार आहे, मांज्याने मेलेल्या एखाद्या घारीपासून. प्रत्येक हाडावर नाव, गाव, तारीख घालीन. अनिकेतला शेजारी बसवीन, त्याला कंटाळा आला तरी. एका डब्यावर 'गिधाड' लिहून तो रिकामा ठेवीन. यात काय होतं, असं कुणी विचारलं की सगळं सांगीन. कुणाचं काय चुकलं तेही. त्यातून तुम्हाला वगळणार नाही, हा शब्द देतो.

तुमचा, अजून रागावलेला,
दत्तू