साईमीचा कॉम्प्युटर संध्याकाळीच का मरतो

२ जून, सोमवार

साईमीचा फोन आला!! आईनं उचलला आणि अंगणभर ओरडली, "युसो, एर्कीची मुलगी आहे!" मी धावत आलो तेव्हा पायात एकच बूट. सातवीपासून जिच्याशी मी सलग तीन वाक्यं बोललो नाही ती म्हणते, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? शिकत होतास ना तू?"

होतास! टोचलं. दीड वर्ष शिकलो ओउलूच्या कॉलेजात. मग सरांशी वाजलं, भर वर्गातून बॅग उचलून निघालो, आणि आता इथे सिमोच्या वखारीत फळ्या रचतो. पण ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

तिचं मशीन मे महिन्यापासून आपोआप मरतं. काम चालू असताना धाडकन पडदा काळा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. उद्या जातो. दाढी करायची!

३ जून, मंगळवार

गेलो. वखारीतून सुटलो तो थेट, केसात भुसा. साईमीनं स्वतः दार उघडलं. वर तिची खोली — भिंतभर कागदी हातमोजे टांगलेले! फिल्म केलीय तिनं, चार मिनिटांची. दोन हातमोजे हिवाळाभर एकमेकांना शोधतात. आठ महिने एकेक कागद हलवून फोटो काढलेत. शेवटचं चित्र कालच झालं. आता कॉम्प्युटरनं ते सगळं जोडायचं, आणि त्याला सलग सव्वीस तास लागतात. मध्ये मशीन मेलं की पुन्हा शून्यापासून.

एकोणीस तारखेला पाकीट टपालात पडायलाच हवं. डेन्मार्कची शाळा. ती म्हणाली, "वर्षाला बाराच जण घेतात." ते बोलताना तिचे कान लाल झाले. मी त्या कानांकडेच बघत राहिलो. गाढव!

मशीन उघडलं. आत केवढी धूळ — एक मांजर विणून होईल. सगळी साफ केली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला. साईमीच्या आईनं, लेनाकाकूंनी, कॉफी आणि वेलदोड्याचा पाव वर आणून दिला आणि खाली हाक मारली, "एर्की, पाहुणा आलाय, सौना लाव!"

सव्वापाचला — काळा पडदा.

४ जून, बुधवार

मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, जागा बदलल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी मेलं. सौनाच्या वाफेत एर्कीकाका मला म्हणाले, "खालच्या फळीवर काय बसलास, वर ये. मशीन नाही, निदान तू तरी तापशील."

५ जून, गुरुवार

माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा काढून तिच्यात बसवला. माझं मशीन आता पोट फाडलेल्या माशासारखं टेबलावर पडलंय. पर्वा नाही!! साईमी म्हणाली, "अरे, मग तू काय वापरणार?" मी म्हटलं, मला काय करायचंय. तिनं माझ्याकडे दोन सेकंद पाहिलं. पूर्ण दोन.

पाच वीस. मेलं.

७ जून, शनिवार

दिवसभर तिच्याकडे! काल घरी बसून सगळी यादी केली होती. आज सिस्टीम नव्यानं टाकली, साडेतीन तास. ती पलंगाच्या कडेला बसून कात्रीनं उरलेले कागद कापत होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "जिवंत आहे?" मी म्हणायचो, "जिवंत आहे." एवढंच बोलणं. मला वाटलं असंच आयुष्य जावं.

चारला जोडणी सुरू केली. पाचला लेनाकाकू: "मुलांनो, सौना तापतोय!" पाच सतराला साईमी ओरडली, "गेलं!"

म्हटलं, माझ्या घरी नेऊ का? तर म्हणते, "आठ महिने आहेत त्यात. ते ह्या खोलीतून पेट्रोलपंपापर्यंतसुद्धा जाणार नाही."

८ जून, रविवार

आजही गेलो. आजही मेलं. ५.०५, ५.३०, ५.४२. बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांचा जुडा एर्कीकाकांनी खास माझ्यासाठी बांधलेला. सौनातल्या रीतीप्रमाणे पाठीवर मारून घेतला. मी मार खाण्याच्याच लायकीचा आहे.

१० जून, मंगळवार

डोकं फिरलं. चौथ्यांदा मेल्यावर मी मशीनला लाथ घातली. पत्रा वाकला. साईमी जवळ आली. वाकलेल्या पत्र्यावरून बोट फिरवत राहिली, आणि मग हळू आवाजात: "कॉलेज सोडलंस तसं हेही सोडणार आहेस का? तसं असेल तर आत्ताच सांग. माझ्याकडे नऊ दिवस आहेत."

मी म्हटलं, नाही सोडणार. ओरडूनच म्हटलं. खालून लेनाकाकू म्हणाल्या, "काय झालं रे? थांब, आधी अंग शेकून घे, मग भांडा!"

एर्कीकाका सौनात पाणी ओतताना म्हणाले, "गंमत बघ. पूर्वी हे आठवड्यातून दोनदा मरायचं. तू यायला लागल्यापासून रोज मरतं." आणि एवढे हसले की खोकला लागला. त्यांच्यावर चिडावं तर उघड्या अंगानं शेजारी बसलेल्या माणसावर चिडता येत नाही.

११ जून, बुधवार

५.१२.

१२ जून, गुरुवार

आज एर्कीकाका नदीवर जाळं टाकायला गेलेत, सकाळी परतणार. लेनाकाकू किती ओशाळल्या! "पाहुण्याला सौनाशिवाय पाठवायचं म्हणजे... राग मानू नकोस हं." कसला राग! पाचला आम्ही जोडणी लावली आणि श्वास रोखून बसलो. सहा. सात. आठ! चालतंय!! साईमीनं आनंदात माझ्या खांद्यावर बुक्का मारला. खांदा अजून दुखतोय, दुखू दे.

१३ जून, शुक्रवार

सापडलं!!!

नीट लिहितो. सकाळी साडेनऊला वखारीत तिचा फोन. आवाज पार बसलेला. "सोळा तास चाललं, युसो. सोळा! आणि आत्ता मेलं." मी म्हटलं, सकाळी? आजवर सकाळी कधीच नाही! घरात काय चाललंय? ती वैतागून म्हणाली, "काही नाही. बाबा नदीत पडून ओलेचिंब परत आलेत, कुडकुडतायत, आई त्यांना सौनात घालतेय."

मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. फोरमन म्हणाला, "कोण गेलं रे?"

दुपारच्या सुट्टीत ही वही काढली आणि मागची पानं चाळली. पाच पंधरा. पाच दहा. पाच वीस. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर सौना! आधी मरायचं आठवड्यातून दोनदा — त्यांचा सौना बुधवार-शनिवार! मी आल्यापासून रोज — कारण पाहुणा आला की सौना! म्हणजे ज्याला दुरुस्तीला बोलावलं त्याच्याच पाहुणचारात मशीन मरत होतं. मीच तो रोग!

आणि मे महिन्यापासूनच का? गुडघा गेल्यापासून एर्कीकाकांना लाकडं फोडवत नाहीत. एक मे रोजी त्यांनी सौनातली जुनी लाकडाची भट्टी काढून विजेची बसवली. स्वतःच्या हातानं, कुणालाही न बोलावता, हे मला वाफेत बसून तीनदा ऐकवलंय. भट्टी एवढी वीज ओढते की घरातली वीज गचका खाते आणि कॉम्प्युटर मान टाकतो. हिवाळा असता तर दिवे मिणमिणले असते, पोरालाही कळलं असतं. पण जूनमध्ये इथे दिवा लावतो कोण! सूर्यच मावळत नाही.

संध्याकाळी खात्री केली. साईमी वर मशीनसमोर. मी "लघवीला जातो" म्हणून अंगणातल्या सौनाच्या खोलीत गेलो आणि भट्टीची कळ फिरवली. एक, दोन, तीन — वरच्या खिडकीतून किंकाळी, "गेलं रे!!" मी तिथेच नाचलो. एकटा, टॉवेलांच्या खुंट्यांसमोर.

उड्या मारत वर गेलो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू? समजा फिल्म वेळेत पोचली. समजा घेतलंच मला. तर ऑगस्टमध्ये निघायचं, चार वर्षं. परत येईन असं वाटत नाही मला. तिकडे गेलेले लोक परत येत नाहीत."

मी तोंड मिटलं. म्हटलं, उद्या ग्राफिक्सचं कार्ड तपासतो.

१४ जून, शनिवार

सांगणार आहे. अजून पाच दिवस आहेत, सव्वीस तासच तर लागतात. नुकसान काय? एक यंत्र बंद पडतं, एवढंच. आज तिनं मला धुरावर भाजलेला मासा स्वतःच्या बोटांनी काटे काढून दिला!! अशा दिवशी कोण सांगेल!

१५ जून, रविवार

आज मशीन मेलं तेव्हा ती हसली. "तुझं प्रेम आहे वाटतं ह्या डबड्यावर, रोज भेटायला येतोस." मी लाल झालो. ती पण! मी पाहिलं, ती पण!

उद्या सांगतो.

१६ जून, सोमवार

नाही सांगितलं. एर्कीकाका म्हणाले, भट्टी हल्ली तापायला वेळ लावते, नवीन माल असाच निकृष्ट. मी मान डोलावली.

१७ जून, मंगळवार

साईमी खोलीत नव्हती. धक्क्यावर बसली होती, पाय पाण्यात, अंगावर डासच डास, मारतही नव्हती. म्हणाली, "सोडून दे. मी ठरवलंय. केमी गावातल्या दुकानात जागा आहे, काकीनं बोलून ठेवलंय. राहते इथेच."

इथेच! देवा, मला दुसरं काय हवं होतं! पंधरा दिवस ज्यासाठी झुरतोय ते ती स्वतःहून माझ्या हातात ठेवत होती.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओउलूहून बसनं परत येताना काचेत माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, अगदी तसंच. दुसऱ्या कुणाचं असतं तर सहन केलं असतं. तिच्या मानेवर तसलं तोंड नको.

१८ जून, बुधवार

सांगितलं! सकाळी सातला, वखारीत दांडी मारून. तिघं न्याहारीला बसलेली. "काल घरी विचार करताना डोक्यात आलं" म्हटलं. तेरा तारखेचं — ते नाही सांगितलं.

एर्कीकाकांनी चमचा ठेवला. "माझी भट्टी? मी स्वतः जोडलीय ती!"

"म्हणूनच," लेनाकाकू म्हणाल्या.

"आज बुधवार आहे!"

"आज नाही नि उद्याही नाही," मी म्हटलं. "सव्वीस तास. भट्टीला हात लावायचा नाही."

"परवा युहान्नुसचा सण! वर्षातला सगळ्यात मोठा सौना! आणि त्याच्या आधी दोन दिवस कोरडं बसायचं? एका पोरानं सांगितलं म्हणून? ज्यानं शिक्षण अर्धवट—"

माझं डोकं तापलं, उठलोच होतो. पण साईमी आधी उठली. "बाबा," एवढंच म्हणाली. ते उठून अंगणात गेले. थोड्या वेळानं आले आणि भट्टीचा फ्यूज माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "खिशात ठेव. घरात राहिला तर माझा हात वळवळेल."

दहा वाजता जोडणी सुरू केली. पाच वाजून गेले, चालूच! लेनाकाकूंनी केमीला फोन करून वायरमन बोलावला, परवा सकाळी येणार — म्हणजे निदान युहान्नुसला तरी सौना होईल.

१९ जून, गुरुवार

झालं!!! बारा वाजून आठ मिनिटांनी! हातमोजे चालले, पडले, बर्फाखाली गेले, आणि शेवटी एका कुंपणावर शेजारी शेजारी वाळत बसले. लेनाकाकू रडल्या. एर्कीकाका म्हणाले, "डावा जरा माझ्यासारखा चालतो." खरंच तो लंगडतो!

फिल्मची तबकडी पाकिटात घातली, मी साईमीला आईच्या गाडीतून टपाल कचेरीत नेलं, पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं. बाईनं शिक्का मारला — १९ जून. साईमीनं तो शिक्का वाळेपर्यंत पाहिला. बाहेर आलो. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठांवर — भर चौकात!! वखारीचा ट्रक हॉर्न वाजवत गेला!

जाऊ दे तिला डेन्मार्कला! मीही जाईन! ओउलूला परत जाईन, सरांची माफी मागेन, काहीही करेन! आज मला कुणी नदी उलटी वळव म्हटलं असतं तरी वळवली असती!

२० जून, शुक्रवार

वायरमन म्हणजे बाईच निघाल्या, साठीच्या. मीटरचं खोकं उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. एक स्क्रू ढिला होता. भट्टीची सगळी वीज तिथून जाताना तापत होती. तार वितळलेली, मागची फळी आरपार कोळसा. बोट लावलं तर भुगा पडला. "हे ताजं आहे," म्हणाल्या, "गेल्या पाच-सहा दिवसांतलं. अजून एकदा भट्टी लावली असती तर मी इथे आले नसते, बंब आला असता."

एर्कीकाकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.  "पोरा, तू आमचं घर वाचवलंस."

फळीच्या पलीकडून साईमीच्या खोलीचा जिना वर जातो. दुसरा नाही. मी मनात मोजलं: चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

मी म्हटलं, काही नाही हो काका.