विग्रह नामंजूर

वैशाख वद्य पंचमी, मंगळवार. केदारखेडा.

दरवर्षी मी शाळेतलं संस्कृत शिकवणं सांभाळून पेपराला एक बातमी पाठवतो: शेतीचे तुकडे पडताहेत, वावरं अरुंद होताहेत. आज ती बातमी आमच्याच वावरात उभी होती. आजोबांच्या रानाच्या वाटण्या होत होत आम्हा दोघा भावांकडे एक लांब पट्टी उरली आहे. तिचेही उभे दोन भाग करायचे, म्हणजे दोघांनाही रस्ता लागेल. मोजणीवाल्याने मधोमध खुंट्या ठोकल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, आत जाईन बराबर, पण वळू कुठं?"

तरीही थोरल्या दादांना मध्ये बांध हवाच. "तू तिकडं जालन्याला. उद्या तुझी पोरं प्लॉटिंग करून मोकळी होतील. मंग मी कुठं बघू?"

भीती खोटी नाही. तरीही मी खुंट्या उपटल्या. संस्कृतात समास सोडवणं म्हणजे विग्रह, आणि भांडण म्हणजेही विग्रहच. समास सोडवला तर अर्थ तरी हाती लागतो. वावराचा विग्रह केला की नुसता बांध. दादांना हे सांगितलं, तर म्हणाले, "ज्वारीला व्याकरण लागत न्हाई."

"बांधही लागत नाही. माझा हिस्सा तुमच्या नावावर करून देतो. ट्रॅक्टर वळला पाहिजे."

घाई केली का? घरी कळल्यावर माझाच विग्रह होणार आहे. होऊ दे. यंदा त्या बातमीत एक तुकडा कमी लिहीन.

दादा खुंट्या तेवढ्या गोळा करून घेऊन गेले. शेळ्या बांधायला होतील म्हणे.